स्टेजवर एवढे लाईट असतात, तरी गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो का बिघडतात?

दिवाळी पहाटेपासून आपल्याकडे कार्यक्रमांचा जो सीझन सुरू होतो तो फेब्रुवारीपर्यंत चालतो. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव, जो १९५३ पासून चालू आहे, मग मुंबईतले मोठे फेस्टिव्हल, मधेच कोल्डप्लेसारखा एखादा बँड येतो (जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले होते, तिकिटांसाठी काय मारामारी झाली ते सगळ्यांना आठवत असेलच), आणि शिवाय कॉलेजचे बँड, कॅफेतले गिग, नाट्यगृहातल्या मैफली आहेतच. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फोटो येतात आणि बहुतेक फोटोंत गाणाऱ्याचा चेहरा पांढराफटक, हात धुरकट आणि बाकी सगळं जांभळं. मग हमखास प्रश्न येतो, "नवीन कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?"

माझं म्हणणं असं की कॅमेरा राहू दे, आधी लेन्स बघ. आणि लेन्सच्याही आधी अंधारात कॅमेऱ्याचं नेमकं काय होतं ते समजून घे, कारण ते एकदा कळलं की सेटिंग पाठ करावे लागत नाहीत.

एवढा लख्ख उजेड असतो की स्टेजवर!

असतो असं वाटतं. आपले डोळे हॉलमधल्या अंधाराला पाच-दहा मिनिटांत सरावतात, त्यामुळे स्टेज एकदम झगझगीत दिसतं. कॅमेऱ्याला ती सोय नाही. हिशोब करून बघा. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १००, एफ १६ आणि १/१०० सेकंदात (हे तीन आकडे म्हणजे काय ते पुढे सांगतो) फोटो व्यवस्थित येतो. बऱ्यापैकी लाईट असलेल्या नाट्यगृहात मात्र आयएसओ ३२००, एफ २.८ आणि १/२५० लागतं, म्हणजे तिथला उजेड उन्हाच्या मानाने जवळजवळ चारशे पट कमी असतो.

दुसरी भानगड म्हणजे तो उजेड सगळीकडे सारखा नसतो. गाणाऱ्यावर स्पॉट, मागे काळा पडदा. कॅमेरा ऑटोवर असला की तो अख्ख्या फ्रेमची सरासरी काढतो आणि ती मध्यम करडी यावी असं बघतो. फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग काळा असेल तर तो म्हणतो अरे फार अंधार आहे, वाढवा उजेड, आणि वाढवतो. पडदा करडा होतो आणि चेहऱ्यावरचे सगळे तपशील उडून जातात. म्हणून मीटरिंग (कॅमेरा उजेड मोजतो ती पद्धत) 'स्पॉट'वर, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यापुरतं, ठेवून चेहऱ्यावरून माप घ्यायचं, किंवा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) सरळ उणे १ करायचं, पडदा फारच काळा असेल तर उणे २ सुद्धा चालतं. फोटो काळपट येतोय असं वाटलं तरी चेहरा नीट आहे ना एवढंच बघा. पडद्याचा फोटो कुणाला हवाय.

तीन आकडे, पण तिघंही सारख्या कामाचे नाहीत

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. एफ नंतरचा आकडा म्हणजे लेन्सचं फोकल लेंग्थ (लेन्सवर ५० एमएम वगैरे लिहिलेलं असतं ते) भागिले त्या भोकाचा व्यास, त्यामुळे आकडा लहान तेवढं भोक मोठं. ५० एमएमची लेन्स एफ १.८ ला असेल तर भोक साधारण २८ मिलिमीटरचं, २०० एमएमला एफ २.८ हवं असेल तर तेच ७१ मिलिमीटरच्या वर जातं. त्या मोठ्या लेन्सा एवढ्या जाडजूड, एक ते दीड किलोच्या का असतात आणि लाखाच्या खूप वर का जातात त्याचं उत्तर यातच आहे, तेवढी मोठी काच घडवावी लागते.

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) किती वेळ उजेड पडू द्यायचा. १/६० पेक्षा १/२५० ला चौपट कमी उजेड मिळतो पण हालचाल गोठते.

आणि तिसरा आयएसओ, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आयएसओ वाढवला म्हणजे कॅमेऱ्यात जास्त उजेड येतो असं लोक समजतात. तसं काही नाही. आयएसओ म्हणजे साऊंडवाल्याच्या मिक्सरवरचा गेन. गायिका हळू आवाजात गातेय आणि माईक लांब आहे, तर साऊंडवाला गेन वाढवतो, आवाज मोठा होतो पण त्याबरोबर स्पीकरमधून सूंऽऽ अशी खरखरही मोठी होते. खरखर गेनने निर्माण केली का, तर फारशी नाही, मुळात आवाजच कमी पोचत होता. माईक जवळ सरकवला की गेन खाली आणता येतो आणि खरखर जाते. फोटोत माईक जवळ सरकवणं म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं करणं किंवा शटर सावकाश करणं, खरखर म्हणजे ते दाणे, ज्याला नॉइज म्हणतात.

आता गंमत अशी की स्टेजवरच्या माणसाची हालचाल काही आपल्या हातात नाही, म्हणजे शटर एका मर्यादेखाली नेता येत नाही. लाईटही आपल्या हातात नाही. उरलं अ‍ॅपर्चर, आणि ते लेन्स विकत घेतानाच ठरून जातं. म्हणून म्हणतो, पैसे लेन्सवर घाला.

किट लेन्सवर का होत नाही मग?

कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळाल्यासारखी जी १८-५५ येते तिच्यावर एफ ३.५-५.६ लिहिलेलं असतं. झूम न करता ३.५ आणि पूर्ण झूम केलं की ५.६. स्टेजच्या कार्यक्रमात तर आपण झूम करणारच, म्हणजे गरज असते तेव्हाच भोक लहान होतं. उजेडाचा फरक आकड्याच्या वर्गाने पडतो, त्यामुळे एफ ५.६ च्या मानाने एफ २.८ ला चौपट उजेड मिळतो आणि एफ १.८ ला जवळजवळ दहापट. वर नाट्यगृहाचं जे माप दिलं, आयएसओ ३२००, त्याच ठिकाणी १/२५० कायम ठेवून किट लेन्सला आयएसओ १२८०० लागेल आणि ५० एमएम एफ १.८ ला तेराशेच्या आसपास. कॅमेरा तोच, फोटोग्राफर तोच.

ही ५० एमएम एफ १.८ बहुतेक मोठ्या कंपन्या बनवतात, ती त्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि वजनाला अगदी हलकी असते, कॅननच्या एका मॉडेलचं वजन फक्त १६० ग्रॅम आहे. सेकंडहँड तर आणखी स्वस्तात मिळते. नवशिक्याने दुसरी लेन्स म्हणून हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, झूम होत नाही म्हणून कुरकुर करणारे पुष्कळ भेटतील, करू देत.

पण ५० एमएम पुरते का? स्टेज लांब असतं

कुठे बसलाय त्यावर आहे सगळं. सोपा हिशोब आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर भागिले फोकल लेंग्थ. साध्या क्रॉप सेन्सर, म्हणजे जरा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याची (बहुतेक सुरुवातीच्या डीएसएलआर आणि मिररलेस यातच येतात) सेन्सर रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास. ५० एमएम लावून ५ मीटरवर बसलात तर फ्रेममध्ये साधारण २.३ मीटर रुंदीचं दृश्य येतं, म्हणजे मांडी घालून बसलेला गायक आणि मागचा तानपुरा, अगदी छान. तेच २० मीटरवर बसलात तर साडेनऊ मीटर, म्हणजे अख्खं स्टेज, दोन्ही बाजूंच्या फुलांच्या कुंड्या आणि प्रायोजकांचे बॅनर सकट.

म्हणून कॅफेतल्या गिगला, घरगुती बैठकीला ३५ किंवा ५० एमएम. नाट्यगृहात पुढच्या चार-पाच रांगांत जागा मिळाली तर ८५ एमएम एफ १.८, माझी सगळ्यात आवडती, फक्त एक लक्षात ठेवायचं की फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५ मीटरवरून एफ १.८ ला साधारण ३७ सेंटिमीटरचाच पट्टा शार्प येतो, तेव्हा गायक शार्प आणि मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या धूसर होणार, दोघं हवे असतील तर एफ ४ वर जा आणि आयएसओ वाढवा. मोठ्या मंडपात किंवा मैदानावर ७०-२०० एफ २.८ ला खरंच पर्याय नाही, पण ती विकत घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे, पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते, डिपॉझिट आणि ओळखपत्र द्यावं लागतं. वर्षातून एक-दोन कार्यक्रमांसाठी लाखांची लेन्स घरात ठेवून तिला बुरशी आणण्यापेक्षा ते बरं, आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी फार पटकन धरते.

७०-३०० एफ ४-५.६ वाली स्वस्त झूम घेऊ का असं विचारणारे भरपूर असतात. पक्ष्यांसाठी, सकाळच्या उन्हात जरूर घ्या. रात्रीच्या कार्यक्रमाला तिचा उपयोग नाही.

शटर किती ठेवू?

हे वाद्यावर आणि वादकावर आहे. विलंबित ख्याल गाणारा कलाकार आलापीत असेल तर १/१०० ला भागतं. तान सुरू झाली, हात फिरायला लागला की १/२००-१/२५०. रॉकचा गिटारवाला उड्या मारतोय, १/४००. ड्रमर असेल तर १/५०० शिवाय काठीचा पत्ता लागत नाही, आणि ढोल-ताशा पथकाचं टिपरू गोठवायचं तर १/८०० च्या पुढे जा, तिथे दिवसाचा उजेड असतो त्यामुळे जमून जातं.

पण तबल्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. बोटं पूर्ण गोठवली तर तबलजी नुसता तबल्यावर हात ठेवून बसलाय असं दिसतं, फोटोतला आवाजच जातो. १/८० ते १/१२५ मध्ये चेहरा शार्प राहतो (लयीत डोकं हलवणारा असेल तर जरा थांबून) आणि बोटांना हलकीशी धूसरता येते, तो फोटो जास्त खरा वाटतो. यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत.

माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, मग १/३० चालेल ना?

स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलतो तो सावरतं. समोरच्या माणसाचा हात थांबवणं त्याच्या हातात नाही. १/३० ला मागचा पडदा, तबल्यावरची शाई, माईकचा स्टँड सगळं कसं रेखीव येईल आणि गाणारा मात्र धुरकट. कार्यक्रमाच्या फोटोंत हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो आणि लोक फोकस चुकला म्हणून लेन्सला दोष देतात.

पण आयएसओ ६४०० म्हणजे दाणे दाणे येतील

येतील, येऊ देत. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा घ्या, ३२०० सहज चालतो, ६४०० ला थोडे दाणे दिसतात, आणि आता नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर इतकी चांगली झालीत की ते पुष्कळसं निघून जातं. फोटो मोबाईलवर बघणाऱ्याला तर तसंही कळत नाही. हललेला फोटो मात्र पुढे काही केलं तरी धड दुरुस्त होत नाही. त्यात आणखी एक, आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी येऊन तो उजळवायचा यात बहुतेक वेळा फायदा नसतो, दाणे तेव्हा वर येतातच.

माझी पद्धत साधी आहे. एम मोड (म्हणजे मॅन्युअल, आकडे आपण ठरवायचे), अ‍ॅपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं किंवा एक पायरी खाली, शटर वाद्याप्रमाणे, आणि आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा १२८००, कॉम्पेन्सेशन उणे. काही जुन्या कॅमेऱ्यांमध्ये एम मोडला ऑटो आयएसओबरोबर कॉम्पेन्सेशन लावता येत नाही, तिथे आयएसओ हातानेच ठेवायचा, शास्त्रीय मैफलीत लाईट तीन तास बदलत नाहीत त्यामुळे एकदा लावला की झालं.

निळ्या-लाल लाईटमध्ये चेहऱ्याचा लाडू का होतो?

हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरच्या प्रत्येक टिपक्यावर एक रंगीत गाळणी असते. निम्म्या टिपक्यांवर हिरवी, पाव टिपक्यांवर लाल आणि पाव टिपक्यांवर निळी. पांढऱ्या उजेडात तिघं मिळून काम करतात. गडद निळा एलईडी लावला की उरतात मुख्यतः निळे टिपके, म्हणजे पाव सेन्सर, बाकीच्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यामुळे तपशील कमी होतो. शिवाय तो एकटा रंग काठोकाठ भरून वाहून जातो आणि कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (फोटोत डावीकडून उजवीकडे काळं ते पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) बघून तसं झालंय हे कळतही नाही कारण तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज दाखवतो. हिस्टोग्राम लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा दाखवायची सोय मेनूत असते, ती चालू करा आणि एखादा रंग उजवीकडे भिंतीला टेकत असेल तर एक्सपोजर आणखी कमी करा.

फोटो रॉ मध्ये काढा, म्हणजे सेन्सरवर जे आलं ते कच्चं तसंच साठवायचं. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. घरी येऊन रंग ओढाताण करायला तेवढी जागा लागते. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवायची सोय) ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो, त्यापेक्षा जुन्या हॅलोजनच्या लाईटला ३२०० केल्विन किंवा एलईडीला ४००० च्या आसपास कायम ठेवा आणि नंतर सगळे एकदम सुधारा.

आणि खरा उपाय कॅमेऱ्यात नाहीच. लाईटवाला पण गाण्याबरोबर काम करतो, ध्रुवपदाला एक रंग, अंतऱ्याला दुसरा. पहिली दोन गाणी नुसतं बघा, पांढरा किंवा पिवळसर लाईट तोंडावर कधी येतो ते लक्षात येतं, तेव्हा कॅमेरा उचला. तरी नाही जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट करा, त्यात कमीपणा काही नाही.

फोटोत आडवे पट्टे येतात ते कसले?

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात. एलईडी मंद करायचा तर बरेचदा तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, कारण शटर सेन्सरच्या एका टोकाकडून दुसरीकडे जातं आणि तेवढ्या वेळात दिवा चालू-बंद होऊन जातो. मिररलेसच्या सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर हे जास्त होतं कारण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ लागतो. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर, वेग १/१०० किंवा १/५०, आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्याच्या लुकलुकण्याशी जुळवून घेणारी सोय) असेल तर चालू करा. मागे मोठी एलईडी स्क्रीन असेल तर पट्टे हमखास येतात, तिला फ्रेमबाहेर ठेवलेलं बरं. आणि लेझर शो असेल तर लेन्स थेट किरणासमोर धरू नका, सेन्सर जळू शकतो.

पण इथेच शास्त्रीय मैफलीची पंचाईत होते. डीएसएलआरचा खटॅक आवाज आलापाच्या संथ चालीत अख्ख्या हॉलला ऐकू जातो, आणि आलापीत तर उजेडाच्या दृष्टीने फोटो काढणं सगळ्यात सोपं असतं, कलाकार स्थिर, डोळे मिटलेले. तरी तेव्हाच काढू नये. सायलेंट मोडला पट्टे येत नाहीत ना हे सुरुवातीला वाद्यं जुळवताना दोन फोटो काढून बघायचं, येत असतील तर द्रुत लय आणि तबला जोरात सुरू होईपर्यंत कॅमेरा मांडीवर. तिहाई आली की तीच ओळ तीनदा वाजणार आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन पडणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, म्हणजे फोटोग्राफरला दोन वेळा आगाऊ सूचना मिळते. समेवर गायक आणि तबलजी एकमेकांकडे बघून हसतात तो फोटो बर्स्ट मोडवर (धडाधड एकामागून एक काढून) सापडत नाही, गाणं ऐकल्यावर सापडतो.

फ्लॅश मारला की सगळेच प्रश्न मिटतील की

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ ४ ला जेमतेम तीन मीटर पोचतो. आयएसओ १६०० केलात तर बारा मीटर, पण तेवढ्यात लाईटवाल्याने केलेली सगळी मेहनत धुऊन निघते, कलाकार ओळखपत्राच्या फोटोसारखा दिसतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात ते वेगळंच. मोठ्या कॉन्सर्टमध्ये प्रेस फोटोग्राफरनाही बहुतेक वेळा पहिली तीन गाणी आणि फ्लॅश नाही असा नियम असतो. प्रेक्षकांना तर लेन्स बदलता येणारा कॅमेरा सहसा आत नेऊच देत नाहीत, तिकिटाच्या अटी आधी वाचा नाहीतर गेटवर कॅमेरा जमा करून बसावं लागेल. छोट्या कार्यक्रमाला आयोजकांना आधी विचारलं तर सहसा हो म्हणतात, दुसऱ्या दिवशी चार चांगले फोटो त्यांनाही हवेच असतात.

फ्लॅश बंद करताना फोकससाठी जो नारिंगी दिवा लागतो तोही मेनूतून बंद करा, आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर तो आपोआप दिसतो तेही. मागच्या रांगेतल्या काकूंना तुमचे फोटो बघायचे नसतात.

आणि मोबाईल?

मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एफ १.८ च्या आसपास असतं हे खरं, पण सेन्सर नखाएवढा, त्यामुळे एकूण उजेड कमीच गोळा होतो. ती कमतरता तो बरेच फोटो पटापट काढून एकत्र चिकटवून भरून काढतो. स्थिर चेहऱ्याला हे झकास जमतं, हलत्या हाताला मात्र दोन-दोन पंजे येतात. २० मीटरवरून मुख्य कॅमेऱ्यात २७-२८ मीटर रुंदीचं दृश्य येतं आणि त्यात गायक मुंगीएवढा, मग आपण चिमटीने झूम करतो आणि फोटोचा चिखल होतो. मोबाईलने काढायचंच असेल तर पुढे बसा, चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, मग तेच बोट खाली ओढून उजेड कमी करा, नाईट मोड बंद ठेवा. लांब बसला असाल तर गायकाच्या मागे न लागता अख्खा मंडप घ्या, लाईटचे झोत, डोकी, वर धरलेले हात, मोबाईलला ते छान जमतं.